रात्री दोन वाजता पाणी कोण देतं? आजारी म्हाताऱ्या माणसासाठी जागा कशी पारखायची

पहिले एक घोळ मिटवू. आपल्या खान्देशात नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यासमोर येतो, आणि वृद्धाश्रम म्हटलं की हिंडतीफिरती, भजन करणारी म्हातारी माणसं. मी लिहितोय ते या दोघांच्या मधल्या जागेबद्दल, म्हणजे जिथे अंथरुणाला खिळलेल्या, लकवा मारलेल्या, विसरभोळेपणा वाढलेल्या माणसाला पैसे घेऊन सांभाळतात. कोणी केअर सेंटर म्हणतं, कोणी सेवा सदन. बऱ्याच वृद्धाश्रमांची अटच असते की माणसाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे, म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की बेडरिडन घेता का, आणि दुसरा लगेच, की आज चालताफिरता आहे पण उद्या पडून राहिला तर ठेवाल का घरी पाठवाल. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण "पाहू ना मग" म्हणतात, तिथे सावध व्हा.

आमची जिजी, म्हणजे आई, बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं पण पाय काही टेकवेना. एक भाऊ पुण्याला, एक सुरतला, मी इकडे जळगावला नोकरीवर आणि बायकोची पण शाळा. सहा महिने घरी ओढलं, मग बायकोची पाठ गेली. लोक काय म्हणतील ते म्हणालेच, त्यावर मी इथे लिहित नाही, ज्याने रात्री तीनदा उठून चादर बदललीये त्याला ते सांगायची गरज नाही.

पहिली जागा आम्ही फोटो पाहून निवडली. भरताचं वांगं घेताना आपण दहा वांगी खालीवर करतो, हातावर तोलून पाहतो, आणि आईला ठेवायची जागा व्हॉट्सअपवरच्या फोटोवर! टाईल्स चकचकीत, पुढे तुळशीवृंदावन, हॉलमध्ये मोठा टीव्ही. पाचव्या आठवड्यात जिजीच्या माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग. नंतर दुसरी जागा शोधताना आठ ठिकाणं हिंडलो तेव्हा कळलं की काय पाहायला पाहिजे होतं.

तर पाहायला जाताना फोन करून जाऊ नका. फोन केला की चादरी बदलतात. मालक नसताना जा, जेवणाच्या वेळी जा, आणि एकदा संध्याकाळी सात-आठला जा, जेव्हा दिवसपाळीवाले निघून गेलेले असतात. "ही भेटायची वेळ नाही" म्हणून गेटवरून परत पाठवलं तर एकवेळ समजू शकतो, पण ज्यांचा माणूस तिथे आहे त्यांनासुद्धा ठराविक दोन तासच सोडत असतील तर ती जागा माझ्याकडून फेल.

आत शिरल्यावर पहिले नाक वापरा. एखाद्या कॉटजवळ लघवीचा वास आला तर घाबरू नका, तिथे आत्ताच कोणाला तरी झाली असेल, वीस मिनिटांनी परत तिकडून चक्कर मारा, वास गेलेला पाहिजे. पण दारापासून शेवटपर्यंत एकसारखा मुरलेला वास असेल तर तो गाद्यांमध्ये बसलाय. आणि नुसता फिनाईल-उदबत्तीचा जोरदार वास येत असेल तर तो पण मला चांगला वाटत नाही.

मग माणसांकडे पाहा, भिंतींकडे नको. नखं कापलीयेत का, नखांत काय साचलंय. बाप्यांची दाढी किती दिवसांची. चष्मा डोळ्यावर आहे का कपाटात, कवळी तोंडात आहे का डबीत वाळलीये, कानाच्या मशीनमध्ये सेल आहे का. हे सगळं फुकटातलं काम आहे, पण त्याला माणूस लागतो आणि माणसाला वेळ लागतो, म्हणून माणसं पुरत नाहीत तिथे पहिले हेच सुटतं. बायांचे केस पण पाहा. सगळ्यांचे एकसारखे बारीक कापलेले असतील तर विचारा की त्यांना विचारून कापले का. वेणीफणीला वेळ नाही म्हणून कापतात. जिजीने पहिल्या जागेत डोक्यावरचा पदर सोडला नाही महिनाभर, आम्हाला वाटलं थंडी वाजत असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कातडी. पडून राहणाऱ्या माणसाची काळजी नीट होतेय का हे कागदावर नाही, त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. माकडहाड, दोन्ही टाचा, खुब्याची बाजू, कोपर, खांद्याचं हाड, डोक्याची मागची बाजू आणि कान, या जागा पाहा. कुठे लाली दिसली तर बोट दाबून सोडा, दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, दाबूनही तशीच लाल राहिली तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे डाग आजूबाजूपेक्षा गडद, गरम किंवा टणक लागतो, म्हणून हाताने पण पाहा. यावर साधारण नियम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे. एअर मॅट्रेस, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, टाकली म्हणजे कूस बदलायची गरज नाही असं कोणी सांगितलं तर त्याला काम माहीत नाही.

आणि मॅट्रेस चालू आहे का ते पण पाहा. जिजीच्या मॅट्रेसच्या पंपाची पिन काढून तिथे कोणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला मी स्वतः पाहिला. लाईट गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालतो का हे विचारा, आपल्याकडे उन्हाळ्यात लाईटचा काय भरोसा.

कूस बदलायचा तक्ता कॉटला लटकवलेला असतो, तो वाचायला शिका. पहिल्या जागेत मी एक दिवस दुपारी सव्वातीनला गेलो. तक्त्यावर चार वाजता डावी कूस, सहा वाजता उजवी कूस, पुढे सही, सगळं भरून तयार! आणि जिजी उताणी. मी तिथल्या सांभाळणाऱ्या मावशीला काही बोललो नाही, नुसतं घड्याळाकडे पाहिलं, तिने पण घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली भाऊ, बावीस पेशंट आणि मी एकटी. ती खोटं बोलत नव्हती. आठवडाभराचा तक्ता एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकही खाडाखोड नसलेला दिसला तर तो एका बैठकीत भरलेला असतो. खरा तक्ता चुरगळलेला असतो, त्यावर चहाचा डाग असतो, एखादी वेळ चुकलेली असते.

यावरून माझा मुख्य प्रश्न, जो मी आठही ठिकाणी विचारला: रात्री दोन वाजता इथे कोण असतं आणि किती जणांसाठी? दिवसाचा आकडा सगळे छान सांगतात. माझ्या हिशोबाने पूर्ण पडून असलेल्या पाच-सहा जणांमागे दिवसा एक मावशी तरी पाहिजे, आणि रात्री दहा जणांमागे एक, ती पण जागी. झोपायला गादी कुठे टाकते विचारा, हॉलच्या आतच टाकत असेल तर हाक ऐकू जाते, गेटजवळच्या खोलीत असेल तर नाही. आणि "सिस्टर आहेत ना" यावर भागवू नका, आपल्याकडे पांढरा एप्रन घातला की सगळ्याच सिस्टर. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, एएनएम दोन वर्षांचा, आणि दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. इन्सुलिन, नळी, जखमेचं ड्रेसिंग कोण करतं आणि तिचा नोंदणी नंबर काय, हे विचारायला लाजू नका. मावश्या किती दिवसांपासून टिकून आहेत तेही विचारा, दर दोन महिन्याला सगळे चेहरे बदलत असतील तर मालक पगार वेळेवर देत नाही एवढं समजायचं.

पाणी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कळतच नाही धड. त्यात बाया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण भांडं मागायची लाज. म्हणून ग्लास कुठे ठेवलाय ते पाहा. उजवी बाजू लकव्याने गेली असेल आणि ग्लास उजवीकडच्या स्टुलावर असेल, तर तो ग्लास फोटोसाठी आहे. लघवीची पिशवी असेल तर रंग पाहा, गडद पिवळी म्हणजे पाणी कमी जातंय. पिशवी कमरेच्या खाली लटकलेली पाहिजे पण फरशीला टेकलेली नको. कूलर आहे का हे सगळे विचारतात, कूलरची हवा शेवटच्या कॉटपर्यंत पोचते का हे दुपारी तीनला तिथे उभं राहून पाहायचं.

जेवण चाखून पाहा. पोळी-भाजीचा मेनू भिंतीवर असतो पण दात नसलेल्या माणसाला पोळी कोण चुरून देतं? जिजीला कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी उडदाच्या डाळीत मऊ कुस्करून दिली तर वाटीभर जाते, कोरडी दिली तर ताट तसंच परत. ताटं परत जाताना पाहा, किती उरलंय. भरवताना माणूस बसवलेला पाहिजे. झोपवून भरवत असतील, घाईघाईत चमचे ओतत असतील आणि खोकला येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि मग न्यूमोनिया. नाकातल्या नळीने देत असतील तरी डोक्याकडची बाजू तीस-पंचेचाळीस अंश वर पाहिजे, देऊन झाल्यावर पण अर्धा-एक तास तशीच. आणि तोंडाने खाता येणाऱ्याला नळी घालायचा आग्रह झाला तर डॉक्टरांना सरळ विचारा की ही पेशंटच्या सोयीची का स्टाफच्या. महिन्याला वजन घेतात का ते रजिस्टर मागा. एका महिन्यात शंभरामागे पाच, म्हणजे पन्नास किलोच्या बाईचं अडीच किलो उतरलं तर डॉक्टरांना कळायला पाहिजे, तुम्हाला पण.

भाषेचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. विसरत चाललेला माणूस बरेचदा नंतर शिकलेली भाषा पहिले विसरतो. जिजीचं सगळं अहिराणीवर आलं होतं, "माले पानी दे वं" म्हणायची आणि बाहेरगावची नवीन मुलगी नुसती हसायची, मग जिजी ओरडायची, मग तिच्या फाईलवर "त्रास देते" असं लिहिलं गेलं. दुसऱ्या जागेत अमळनेरकडची एक मावशी होती, ती "काय वं माय" म्हणत आली आणि जिजी गप. त्या जागेत टाईल्स फुटलेल्या होत्या.

त्रास देतात म्हणून बांधतात का, हे पण पाहा. मनगटावर पट्टीचे वळ, कॉटच्या दांड्याला गाठ मारून राहिलेली चिंधी. सकाळी अकरा वाजता सगळा हॉल झोपलेला असेल तर रात्रीची झोप झाली नाही असं नाही, बहुतेक गोळ्या दिलेल्या असतात. गोळ्यांचा कागद मागा, कोणत्या डॉक्टरने कधी लिहिल्या ते पाहा, शांत राहायच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं जास्त पडतात.

पैशाचं थोडक्यात. महिन्याच्या आकड्यात डायपर, औषध, फिजिओ, डॉक्टर व्हिजिट काय काय धरलंय ते लिहून घ्या, डिपॉझिट कधी परत, माणूस महिन्याच्या मधे गेला तर काय. डायपरच्या पाकिटावर आपण आणून दिल्याची तारीख पेनाने टाकायची, दिवसाला तीनचं बिल आणि दहाचं पाकीट आठ दिवस पुरतंय असं आमच्याकडे निघालं होतं, म्हणजे जिजी संध्याकाळपासून सकाळपर्यंत एकातच. तब्येत बिघडली तर कोणता दवाखाना, १०८ ला फोन कोण करणार, सोबत कोण बसणार, हे पण त्याच कागदावर. सोनं घरी ठेवा. शेताच्या, घराच्या कोणत्याही कागदावर आईवडिलांची सही कोणी मागितली, संस्था असो का सख्खा भाऊ, तर थांबा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मिळवायची सोय आहे, अर्ज प्रांत ऑफिसच्या न्यायाधिकरणात होतो. कुठे हाल होताना दिसले तर एल्डरलाईन, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा नंबर १४५६७, तो फुकट आहे.

ठेवल्यानंतर पहिले पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळी जा, भावाबहिणींनी वार वाटून घ्या. लांबचे असतील ते व्हिडिओ कॉल करतात आणि चेहरा पाहून "मस्त आहे जिजी" म्हणून ठेवून देतात. चेहरा नका पाहू, मावशीला म्हणा टाचा दाखव. काही खटकलं तर मावशीवर ओरडू नका, तुम्ही गेल्यावर रात्री तिच्याच हातात आहे तुमचा माणूस. मालकाला लिहून पाठवा, फोटो आणि तारखेसकट, म्हणजे त्याला "मला माहीतच नव्हतं" म्हणता येत नाही. त्या बावीस पेशंटवाल्या मावशीबद्दल पण मी असंच लिहून पाठवलं होतं, की अजून एक बाई ठेवा. उत्तर आलं की बजेट नाही, आणि त्याच आठवड्यात पुढच्या बागेत कारंजं बसलं. रविवारी गाडी नेली आणि जिजीला हलवलं.