दाखल्यांची फाईल अकरावीतच लावा

इंजिनिअरिंग, फार्मसीला राखीव जागेतून प्रवेश हवा असेल, तर जात पडताळणीचा अर्ज निकालापर्यंत लांबवू नका. सायन्सच्या मुलांना तो कॉलेजमार्फत आधीच करता येतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. माझ्या भाचीच्या घरी पणजोबांच्या दाखल्यावर आडनाव वेगळंच निघालं. गावच्या शाळेत चार खेटे घातले तेव्हा जुन्या रजिस्टरचा उतारा मिळाला. नॉन-क्रिमीलेअरला, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याला, मुदत असते, त्यावरची तारीख प्रवेशाच्या वर्षी पुन्हा बघा. आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना मुलाचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून घ्या. अभ्यासाचं म्हणाल, तर सीईटीत अकरावीचे प्रश्न 20 टक्के असतात. जेईई, नीटला मात्र अकरावीही पक्की लागते.