ट्रॅक्टरचा झिजलेला क्रँक घासून पुन्हा कसा बसवावा

मराठवाड्यात ट्रॅक्टरचे इंजिन बहुधा मृगाच्या पेरणीआधी खोलले जाते, आणि त्या घाईत क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या इंजिनातील मुख्य दांड्याची) मापे घेण्याचे काम उरकले जाते. खरे तर इंजिन किती टिकेल हे याच मापांवर ठरते.

क्रँक काढताना प्रत्येक बेअरिंग कॅपवर (बेअरिंग जागी दाबून धरणाऱ्या झाकणावर) क्रमांक आणि दिशा खुणावून ठेवावी. क्रँक डिझेलने स्वच्छ धुवावा आणि मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन्ही टोकांजवळ, तसेच प्रत्येक ठिकाणी एकमेकांशी काटकोनात, असे मोजावे. केवळ नखाने ओरखडा चाचपून निर्णय घेऊ नये, कारण अंडाकार झालेले जर्नल हाताला अगदी गुळगुळीत लागते.

त्यानंतर चुंबकीय तपासणीने तडे पाहून घ्यावेत. तडा असेल तर तो क्रँक घासण्यात अर्थ नाही.

अंडरसाइज बेअरिंग, म्हणजे घासून बारीक केलेल्या जर्नलसाठीची बेअरिंग, साधारणतः 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिलिमीटर अशा टप्प्यांत मिळतात. समजा, मूळ माप 60.00 आहे आणि सर्वांत झिजलेले जर्नल 59.85 भरले, तर ते 59.75 पर्यंत घासता येते; मात्र तेच 59.70 भरले, तर 59.50 वर जावे लागते. सर्व मेन जर्नल (ज्यांवर क्रँक इंजिनच्या ब्लॉकमध्ये टेकतो ती) एकाच मापात आणि सर्व बिगएंड जर्नल (ज्यांना कनेक्टिंग रॉड जोडलेले असतात ती) एकाच मापात ठेवावीत. त्या मापाचे बेअरिंग बाजारात आहे याची खात्री झाल्यावरच क्रँक मशीनवर चढवावा.

ग्राइंडिंग करणाऱ्या कारागिराला एक गोष्ट आवर्जून सांगावी: जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळते, तिथली गोलाई मूळ त्रिज्येचीच राहिली पाहिजे. ती गोलाई जाऊन तिथे टोकदार कोपरा उरला, तर ताण त्याच जागी साठतो आणि वरून आरशासारखा चमकणारा क्रँक पुढे नेमका तिथूनच तुटतो. क्रँक नायट्राइड केलेला (नायट्रोजनच्या प्रक्रियेने पृष्ठभाग कठीण केलेला) असेल, तर कठीण थर फार पातळ असल्याने घासल्यावर तो पुन्हा नायट्राइड करावा लागतो. ऑइल होलच्या कडा हलक्या गोल करून घ्याव्यात आणि शेवटचे पॉलिश इंजिनात क्रँक ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने करावे.

क्रँक घरी आणल्यावर ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवावा, डिझेलने धुवावे आणि हवेचा झोत मारावा. आत राहिलेली ग्राइंडिंगची भुकटी नवे बेअरिंग पाहता पाहता खाऊन टाकते.

बसवताना बेअरिंगला ऑइल लावावे, कॅप कंपनीने दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळाव्यात आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो अडला तर शेवटची कॅप सोडून कारण शोधावे, पुढचा बोल्ट आवळू नये.