कॉमिक्सची सूची करताय? या चुका टाळा

कॉमिक्सच्या संग्रहाची सूची करायला बसलेला नवखा माणूस नायकाच्या नावाने नोंदी सुरू करतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. मुखपृष्ठावरचं नाव हा त्या अंकावरचा सगळ्यात कमी भरवशाचा तपशील आहे.

सगळे ‘कॅप्टन मार्व्हल’ एकाच खात्यात टाकणं

या चुकीचा मला खरोखर राग येतो. पहिला कॅप्टन मार्व्हल मार्व्हल कंपनीचा नव्हताच. तो फॉसेट या प्रकाशकाचा. फेब्रुवारी १९४० च्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये तो आला, लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. बिली बॅटसन हा पोरगा ‘शझॅम’ म्हणतो आणि कॅप्टन होतो. सुपरमॅनच्या मालकांनी नकलेचा दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालला आणि १९५३ मध्ये तडजोड करून फॉसेटने त्याचे अंक बंद केले. नाव मोकळं पडलं. १९६६ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने भलताच कॅप्टन मार्व्हल काढला, हातपाय धडापासून सुटे करणारा. १९६७ मध्ये मार्व्हलने स्टॅन ली आणि जीन कोलन यांच्याकडून आपला आणला, परग्रहावरच्या क्री जमातीचा सैनिक मार-व्हेल. पुढे सुपरमॅनच्याच डीसी कंपनीने फॉसेटकडून बिलीचे हक्क घेतले, पण मासिकाला ते नाव देता येईना, म्हणून १९७३ मध्ये ‘शझॅम!’ निघालं. मार्व्हलमध्येही हे नाव मोनिका रॅम्बोकडे (१९८२) आणि कॅरल डॅनव्हर्सकडे (२०१२) गेलं.

एका वाचनालयाला देणगीत कॉमिक्सचे खोके आले होते. सूचीचं काम एका हुशार, पण घाईच्या मुलाकडे गेलं. त्याने संगणकावर ‘कॅप्टन मार्व्हल’ शोधून सगळीकडे एका झटक्यात निर्माता म्हणून स्टॅन ली भरून टाकलं. ‘शझॅम!’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘मूळ कॅप्टन मार्व्हल’ अशी ओळ आहे. तोही त्यात सापडला. तो अंक खुद्द बेकने काढलेला! ज्या माणसाने हा नायक पहिल्यांदा कागदावर उतरवला, त्याचं नाव त्या सूचीत कुठेच उरलं नाही. सूचीची जुनी प्रत ठेवलेली नव्हती. मला एकेक अंक पुन्हा उघडून पाहावा लागला.

तेव्हापासून मी अंक हातात घेतला की आधी आतल्या पानावरची बारीक टाइपातली प्रकाशनाची ओळ वाचतो. मासिकाचं अधिकृत नाव, प्रकाशक, क्रमांक, महिना तिथे असतो. मग नायकाचं घरचं नाव: बिली बॅटसन की मार-व्हेल. ‘कॅप्टन’ सगळ्यात शेवटी. हे मी कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहितो, संगणक नंतर. वेळ लागतो. लागू द्या.

आडनावावरून नातं जोडणं

बॅटमॅनचा बॉब केन आणि हॅल जॉर्डन या ग्रीन लँटर्नचा चित्रकार गिल केन यांचं काही नातं नाही. एक जन्माने रॉबर्ट कान, दुसरा लॅटव्हियात जन्मलेला एली कॅट्झ. आडनाव दोघांनीही मागाहून घेतलं. स्टॅन ली आणि जिम ली यांचंही तसंच, स्टॅन मूळचा लीबर. उलट जॉन आणि सॅल ब्युसेमा सख्खे भाऊ. जॉन रोमिटा तर बापलेक, आणि दोघांनीही स्पायडरमॅन काढला! नुसतं ‘जॉन रोमिटा’ लिहिलेली नोंद मी सरळ परत पाठवतो.

सही दिसली की तोच एकटा निर्माता, असंही धरू नका. बॅटमॅन घडवण्यात बॉब केनच्या जोडीला असलेल्या बिल फिंगरचं नाव श्रेयात अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं. ही दिरंगाई मला आजही बोचते. निदान आपल्या यादीत तरी त्याला जागा द्या.

फ्लॅशही एकाहून जास्त, जसे जे गॅरिक (१९४०) आणि बॅरी ॲलन (१९५६), पण तिथे नाव जाणूनबुजून पुढे चालवलंय. एकमेकांचा उल्लेख करा. डेअरडेव्हिल १९४० चा वेगळा आणि मार्व्हलचा १९६४ चा वेगळा. त्यांना जोडू नका.

इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. ‘चांदोबा’तल्या विक्रमाच्या खांद्यावरच्या वेताळाशेजारी त्याला ठेवू नका.

आणि तारखेवरून ‘कोणी कोणाचं चोरलं’ हे ठरवायची घाई तर नकोच. ‘डेनिस द मेनस’ अमेरिकेत हँक केचमने १२ मार्च १९५१ ला वर्तमानपत्रांत आणला. ब्रिटनच्या ‘बीनो’ या कॉमिक साप्ताहिकातला त्याच नावाचा पोरगा १७ मार्चच्या अंकात आहे, म्हणून त्याला नक्कल म्हणणारे मला नेहमी भेटतात. तो अंक स्टॉलवर १२ मार्चलाच आला होता. छापील तारीख आणि विक्रीची तारीख यांचे रकाने वेगळे ठेवा.