क्लॅरिनेट केसमध्ये ठेवण्याआधी

वाजवून झाल्यावर लागणारं सामान वाजवायला बसण्याआधीच हाताशी ठेवा. दोरीला वजन लावलेलं सुती किंवा रेशमी कापड, सांधे पुसायला वेगळा रुमाल, रीडची (फुंकल्यावर थरथरणाऱ्या बोरूच्या पातळ पट्टीची) सपाट डबी, सांध्यांवरच्या कॉर्कला लावायचं ग्रीस आणि सिगारेटचे कोरे कागद. हे कागद पानाच्या टपरीवर मिळतात, टपरीवाल्याला काय समजायचं ते समजू दे. डिंकाची कड मात्र कापून टाका, नाहीतर पॅडला, म्हणजे चावीखालच्या भोक झाकणाऱ्या मऊ गादीला, चिकटते.

सुरांची शेवटची ओळ संपली की सगळ्यात आधी रीड काढायची. बोटाने पाणी निपटून डबीत ठेवा. माउथपीसवरच (तोंडात धरायच्या भागावर) राहिली तर टोक वाकडं होऊन वाळतं. मग वाद्य सुटं करा आणि एकेका भागातून कापड ओढा. कापड आधी झटकून पूर्ण उलगडा, गाठ राहू देऊ नका. आतली पोकळी जेमतेम 15 मिलिमीटरची, त्यात वरच्या भागात डाव्या अंगठ्याच्या चावीची बारीक नळी आत डोकावते आणि चुरगळलेलं कापड नेमकं तिथे अडकतं. अडकलंच तर जोर न लावता आलं तसं मागे घ्या.

लोक विसरतात ते सांध्यांचं पाणी. बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) आणि वरचा भाग जुळतात तिथे ते साचतं, आणि लाकडाची उघडी कड ते पिते. टांझानिया-मोझांबिककडचं हे ग्रेनाडिला लाकूड पाण्यात बुडेल इतकं जड, तरीही आतून ओलं-गरम आणि बाहेरून कोरडं-थंड झालं की तडकतं. म्हणून नवं वाद्य सुरुवातीचे काही आठवडे रोज 15-20 मिनिटांच्या वर वाजवू नका. विदर्भातल्या मे महिन्यात तर जास्तच जपा.

एखादी चावी पाणी साचून बुडबुडत असेल (बहुधा वरच्या 'ए' किंवा 'जी शार्प' सुराची), तर पॅडखाली कागद ठेवून हलकेच दाबा, चावी उचला, मगच कागद काढा. दाबलेला असताना ओढला तर पॅडची त्वचा फाटते.

माउथपीस आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवा, कॉर्क भिजू न देता. कढत पाण्याने माउथपीसचं एबोनाइट (कडक रबर) हिरवट पडतं.

ओलं कापड केसमध्ये कोंबू नका, पावसाळ्यात कोकणात तर मुळीच नाही. आणि उन्हातल्या मिरवणुकीला लाकडी वाद्य न्यायचंच कशाला? त्यासाठी प्लास्टिकचं ठेवा.