स्विच बंद केला तरी पिन काढा

नाशिकची थंडी सुरू झाली की माळ्यावरचे पाणी तापवायचे रॉड खाली येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. मागच्या डिसेंबरात आमच्या गल्लीतल्या मावशींनी बोलावलं. "अरे, बादलीत बोट घातलं की झिणझिण्या येतात. पाण्यात काही आहे का?"

पाण्यात करंट होता. बटण बंद करून मावशी पाणी कोमट झालंय का बघत होत्या.

बोर्ड खोलला. तीन पिनांचा पॉइंट बाहेरून नीट, पण आत अर्थिंगची, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर गुंडाळून मागे कोंबलेली. शिवाय स्विच फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर नाही, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर. म्हणजे बटण बंद, तरी रॉडपर्यंत फेज पोचलेलाच. आमच्याच धंद्यातल्या कुणाची तरी ही करामत. बाहेरून बघून हे कळत नाही, म्हणून पिन उपटायचीच.

आता रॉड. नळीच्या आत तापणारी तार आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड असते. ती कोरडी आहे तोवर करंट नळीवर येत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार चढला की त्याखाली नळी जास्त तापते, बारीक चीर पडते, ओल आत शिरते. मावशींच्या रॉडवर बोटभर थर होता. खरवडला तर खाली केसासारखी चीर. क्षार लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून काढता येतो, पण चिरलेला रॉड भंगारातच द्या.

लावताना आधी पाणी, मग रॉड खुणेपर्यंत बुडवा, मग पिन, शेवटी बटण. काढताना बटण, पिन, थोडं थांबून रॉड, आणि मगच पाण्याला हात. बादली प्लॅस्टिकची, पण रॉड तिला टेकू देऊ नका. पायात कोरडी चप्पल. पंधरा लिटरला 1500 वॅटचा रॉड पंधरा-वीस मिनिटं घेतो. तेवढा वेळ पोरं आत जाऊ नयेत म्हणून बाहेरून कडी. हा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, त्यामुळे 16 अँपिअरचाच पॉइंट हवा. टीव्हीच्या एक्स्टेंशनवर लावलेले रॉड मी पाहिलेत, वायर मऊ पडलेली असते.

"एमसीबी आहे ना?" असं सगळे विचारतात. एमसीबी म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा स्विच, तो वायर वाचवतो. 16 अँपिअरच्या शंभराव्या हिश्शानेही माणूस जातो, आणि तेवढ्याने एमसीबी पडत नाही. त्यासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच लागतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. घरात अंधार झाला तर तो ठीक आहे.

कुणाला करंट धरलाच तर अंगाला हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने सोडवा, मग 108 ला फोन. श्वास नसेल तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहा.

मावशींकडे नवा रॉड आला, अर्थिंग जोडलं. पाणी त्या अजून बोटानेच बघतात, फक्त दुसऱ्या हातात उपटलेली पिन धरून.