मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती: वेबसाइटवरून उत्पन्न कसे उभे करावे

ॲडसेन्स ही गूगलची सेवा तुमच्या वेबसाइटवर जाहिराती दाखवते आणि त्यांच्या कमाईतला वाटा तुम्हाला देते. तिचा कोड वेबसाइटवर चढवायला दहा मिनिटे पुरतात. त्यामुळे बहुतेकांचा सगळा विचार तिथेच अडकतो: कोड कुठे टाकायचा, जाहिराती किती लावायच्या, मंजुरी कधी येणार. मजकुराशी जुळणाऱ्या जाहिरातींचे उत्पन्न मात्र बरेचसे त्याआधी, पान लिहितानाच ठरलेले असते. म्हणून जाहिरात पानावर येते कशी, हे आधी समजून घ्यावे.

गूगलचा 'मीडियापार्टनर्स-गूगल' नावाचा क्रॉलर, म्हणजे पाने आपोआप वाचणारा प्रोग्राम, जाहिरातीचा कोड असलेले पान वाचतो आणि त्याचा विषय ठरवतो. वाचकाने पान उघडले की त्या जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. बोली लावणाऱ्या जाहिरातदारांपैकी कुणी तो विषय निवडलेला असतो, कुणी थेट तुमची साइट, तर कुणी वाचकाच्या आवडीनिवडी. २०२१पासून हा लिलाव पहिल्या किमतीचा आहे, म्हणजे जिंकणाऱ्याला आपल्या बोलीइतकेच मोजावे लागते. वाचकाने वैयक्तिक जाहिरातींना संमती दिली नसेल, तर पानाचा विषय हाच मुख्य आधार उरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पानाचा विषय एकच आणि स्पष्ट हवा. आणि त्या विषयात पैसे खर्च करणारे जाहिरातदार असायला हवेत. शुभेच्छा संदेशांच्या पानावर वाचक भरपूर येतात, पण तिथे कुणाला काही विकत घ्यायचे नसते, म्हणून बोली लावणारे कमी. 'विहिरीसाठी किती क्षमतेचा पंप घ्यावा' या पानावर त्याच्या दहाव्या हिश्शाने वाचक आले, तरी त्यातले बरेच जण खरेदीच्या विचारात असतात. म्हणून ज्यांवर मोठी बोली लागते अशा नुसत्या महाग शब्दांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ज्या विषयाची तुम्हाला खरी जाण आहे, त्यातले निवडीचे, तुलनेचे आणि दुरुस्तीचे प्रश्न शोधा आणि एका पानात एकाच प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्या.

शीर्षक, उपशीर्षके आणि पहिले दोन-तीन परिच्छेद यांत विषयाचे नेहमीचे शब्द सरळ आले पाहिजेत. लांबलचक प्रस्तावनेत विषय हरवला की जाहिरातीही भरकटतात. चित्रात टाइप केलेल्या मजकुरावर भरवसा ठेवू नका, तोच मजकूर पानावर अक्षरांत द्या. लॉगिनमागची पाने क्रॉलरला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी खात्यात 'क्रॉलर ॲक्सेस'ची सोय आहे, तिथे लॉगिनची माहिती भरावी लागते. कोणत्या क्रॉलरने काय वाचावे हे सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये सगळ्या क्रॉलरना मनाई केलेली असेल, तर मीडियापार्टनर्स-गूगलला वेगळी परवानगी द्या. जाहिराती विषयाशी अजिबात जुळत नसतील, तर आधी ही फाइल उघडून पाहा. नवे पान असेल तर थोडे थांबा. क्रॉलर येऊन जाईपर्यंत जाहिराती इकडच्या तिकडच्याच दिसतात.

अर्ज आणि नाकारले जाण्याची कारणे

अर्जदाराचे वय किमान १८ हवे, साइटच्या एचटीएमएलमध्ये बदल करण्याचा हक्क हवा आणि साइटची भाषा ॲडसेन्सच्या यादीत हवी. एका व्यक्तीला एकच खाते मिळते, पण त्यात अनेक साइट जोडता येतात. लेख किती हवेत किंवा वाचक किती हवेत, असा अधिकृत किमान आकडा नाही. 'तीस लेख झाले की मंजुरी' यासारख्या सल्ल्यांमागे वेळ घालवू नका.

नकार बहुधा 'कमी मूल्याचा मजकूर' या शेऱ्यासह येतो. त्यामागे नेहमीची कारणे असतात: दुसरीकडचा मजकूर शब्द फिरवून टाकलेला, चार ओळींची पाने, एकही लेख नसलेले विभाग, न चालणारे मेनू, यंत्राने भाषांतर करून न तपासता चढवलेली पाने. अशी पाने काढा किंवा भरून पूर्ण करा आणि मगच पुन्हा अर्ज करा. काहीच न बदलता दुसऱ्या दिवशी केलेला अर्ज पुन्हा तसाच परत येतो. साइटविषयी माहिती आणि संपर्काचे पान असावे. गोपनीयता धोरणाचे पान तर लागतेच, कारण गूगल आणि इतर कंपन्या कुकी वापरतात हे वाचकाला सांगणे नियमानेच बंधनकारक आहे. तपासणी बहुधा काही दिवसांत होते, कधी दोन ते चार आठवडे लागतात.

मंजुरीसाठी मिळालेला कोड प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमधल्या हेड, म्हणजे सुरुवातीच्या, भागात जातो. त्यासोबत साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये ॲड्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल ठेवा. तुमच्या साइटवरची जागा विकण्याचा अधिकार कुणाला आहे, हे खरेदीदारांना या फाइलमधून कळते. ॲडसेन्सच्या ओळीत स्वल्पविरामांनी वेगळे केलेले चार भाग असतात: गूगलचे डोमेन, तुमचा प्रकाशक (म्हणजे साइटचा मालक) क्रमांक, 'डायरेक्ट' हा शब्द आणि गूगलचा प्रमाणन संकेत. ही ओळ हाताने टाइप करू नका, खात्यातून जशीच्या तशी उचला. सर्वांत जास्त चुका प्रकाशक क्रमांकात होतात. पानावरच्या कोडात तो 'सीए-पब' ने सुरू होतो, या फाइलमध्ये मात्र नुसत्या 'पब' ने. दुसरी चूक म्हणजे फाइल उपफोल्डरमध्ये ठेवणे. ब्राउझरमध्ये डोमेनपुढे फाइलचे नाव लिहून ती उघडते का, ते बघा. फाइलमधल्या अडचणीची खात्यातली सूचना मावळायला त्यानंतरही काही दिवस जातात.

युरोपीय आर्थिक क्षेत्र किंवा ब्रिटनमधून वाचक येत असतील, तर जानेवारी २०२४पासून कुकी आणि वैयक्तिक जाहिरातींसाठी वाचकाची संमती विचारणारी, गूगलने प्रमाणित केलेली व्यवस्था लागते. खात्यातल्या 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग' विभागात ती तयार मिळते.

जागा

२०२४च्या सुरुवातीपासून ॲडसेन्स प्रकाशकाला क्लिकऐवजी मुख्यतः जाहिरात दिसण्याच्या, म्हणजे इम्प्रेशनच्या हिशेबाने पैसे देते. जाहिरातदार ज्या प्लॅटफॉर्मवरून जागा विकत घेतो त्याचे शुल्क वजा झाल्यावर उरलेल्यातले ८० टक्के प्रकाशकाला मिळतात. जाहिरातदार गूगल ॲड्सवरून, म्हणजे जाहिरातदारांसाठीच्या गूगलच्या सेवेवरून, आला असेल, तर एकूण खर्चाच्या सुमारे ६८ टक्के. त्यामुळे वाचकाचे बोट चुकून जाहिरातीवर पडावे अशी मांडणी करण्यात आता काहीच हाशील नाही. महत्त्व आहे ते जाहिरात खरोखर नजरेस पडण्याला. प्रचलित मानकानुसार जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर राहिला, तरच ती 'दिसली' असे धरतात.

अगदी माथ्यावरची पट्टी म्हणूनच फसवी ठरते. वाचक पान उघडताच खाली सरकतो आणि ती सेकंदभरही टिकत नाही. लेखाच्या दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतरची जागा बहुधा अधिक चांगली. तिथे ३००×२५० किंवा ३३६×२८० पिक्सेल हे आकार वापरा, कारण या आकारांत जाहिराती भरपूर उपलब्ध असतात. मोठ्या पडद्यावर बाजूच्या पट्टीत ३००×६००, मोबाइलवर ३२०×१००. लांब लेखात पुढची जाहिरात निदान एक पूर्ण पडदाभर मजकूर गेल्यानंतर यावी. मोबाइलवर पानाच्या मुख्य मजकुराच्या उंचीपैकी ३० टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींनी व्यापला, तर तो त्रासदायक जाहिराती टाळण्यासाठीच्या 'बेटर ॲड्स' मानकांचा भंग होतो. जाहिराती मजकुरापेक्षा जास्त दिसू लागल्या, तर ॲडसेन्सच्या धोरणाचाही भंग होतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट हटकून राहून जाते. जाहिरात उशिरा येते आणि तिच्यासाठी जागा राखलेली नसेल, तर वाचत असलेली ओळ एकदम खाली ढकलली जाते. वाचक वैतागतो, चुकीचे क्लिक होतात आणि पानाचा सीएलएस, म्हणजे मांडणी किती हलते ते मोजणारा आकडा, बिघडतो. तो ०.१ किंवा त्याहून कमी असावा. उपाय सोपा आहे: जाहिरातीभोवतीच्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या चौकटीला) सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडात, किमान उंची द्या, ३००×२५० साठी २५० पिक्सेल. जाहिरात आली नाही तर जागा रिकामी दिसेल, पण ती उडी मारण्यापेक्षा बरी.

ऑटो ॲड्स सुरू केल्या तर गूगल स्वतःच जागा शोधते. सुरुवातीला ते ठीक आहे, पण जाहिरातींचे प्रमाण कमी ठेवा आणि संपर्क, धन्यवाद, लॉगिन अशी मजकूर नसलेली पाने वगळा. त्यांवर जाहिराती लावणे धोरणात बसत नाही. मेनू, डाउनलोडचे बटण किंवा 'पुढे वाचा' यांना चिकटून जाहिरात ठेवू नका. जाहिरातीवर मथळा द्यायचाच तर 'जाहिराती' किंवा 'प्रायोजित दुवे' एवढाच. 'उपयुक्त माहिती' असा मथळा वाचकाची फसवणूक करतो आणि खातेही धोक्यात आणतो.

अवैध क्लिक

खाती बंद होण्याचे अवैध क्लिक हे एक मोठे कारण आहे. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नये, हे सर्वांना ठाऊक असते. घरच्यांना आणि मित्रांच्या गटाला 'जरा आधार द्या' म्हणणे हाही तोच गुन्हा आहे, याकडे दुर्लक्ष होते. विकत घेतलेले स्वस्त वाचक, एकमेकांची पाने उघडण्याच्या योजना, आपोआप ताजे होणारे पान, या सगळ्यांतून बनावट इम्प्रेशन तयार होतात. मांडणी तपासताना कोडात 'डेटा-ॲडटेस्ट' हे ॲट्रिब्यूट 'ऑन' ठेवा म्हणजे त्या वेळची इम्प्रेशन मोजली जाणार नाहीत. काम झाल्यावर ते काढायला विसरू नका.

एखाद्या दिवशी क्लिकचे प्रमाण अचानक कितीतरी पटींनी वाढले, तर आनंदू नका. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, वाचक कुठून आले ते पाहा आणि तो स्रोत संशयास्पद वाटला, तर त्या पानांवरच्या जाहिराती तात्पुरत्या बंद करा. गूगलने जाहिरातींवर मर्यादा घातली, तर ती उठवण्यासाठी अर्ज करायची सोय नसते. वाचकांचा स्रोत स्वच्छ करून वाट पाहावी लागते. महिनाअखेरीचा अंदाजे आकडा आणि हाती येणारी रक्कम यांतला फरक बहुधा अवैध क्लिक आणि इम्प्रेशनचे पैसे कापल्याचा असतो.

पैसे आणि हिशेब

डॉलरमधील खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीसाठी पिन, म्हणजे एक गुप्त क्रमांक, टपालाने येतो. तो चार महिन्यांत खात्यात भरला नाही, तर जाहिराती थांबतात. पत्ता टपाल खात्याला समजेल असा, पिनकोडसह लिहा. पैसे निघण्याची किमान मर्यादा १०० डॉलर आहे. ती ओलांडल्यावर, कराची माहिती आणि बँक खाते नीट भरलेले असेल तर, पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान रक्कम सुटते. खात्यावरचे नाव बँकेतल्या नावाशी अक्षरशः जुळू द्या.

साइट कुठे उभी आहे ते आरपीएम, म्हणजे दर हजार वेळा पाने पाहिल्यामागचे उत्पन्न, या आकड्यावरून कळते. उत्पन्न भागिले पाने पाहिल्याची संख्या, गुणिले १०००. समजा २०,००० वेळा पाने पाहिली गेली आणि ३० डॉलर मिळाले, तर आरपीएम १.५ डॉलर. पण सबंध साइटची सरासरी पाहून फारसे हाती लागत नाही, हाच हिशेब पानागणिक मांडा. आरपीएम चांगला पण वाचक कमी, अशा पानाच्या आसपासच्या प्रश्नांवर आणखी पाने लिहा आणि ती एकमेकांना जोडा. वाचक भरपूर पण आरपीएम नगण्य, अशा पानावर जाहिराती वाढवू नका. तिथून वाचकाला पहिल्या प्रकारच्या पानाकडे नेणारा दुवा द्या.

प्रत्येक जागेसाठी खात्यात वेगळे ॲड युनिट, म्हणजे त्या जागेचा स्वतंत्र जाहिरात कोड, करा आणि नावात पानाचा प्रकार व जागा लिहा, नाहीतर कोणती जागा कमावते ते अहवालात कळणार नाही. एका वेळी एकच बदल करा आणि किमान दोन आठवडे आकडे जमू द्या. न पटणाऱ्या जाहिरातींचे वर्ग अडवता येतात, पण प्रत्येक अडवलेल्या वर्गासोबत लिलावातले बोली लावणारे कमी होतात. साइटच्या वाचकांना खरेच खटकेल तेवढेच अडवा. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातदारांचे बजेट मोठे असते आणि जानेवारीत ते आटते. त्या घसरणीत मांडणी बदलू नका, आकडे आदल्या वर्षीच्या जानेवारीशी ताडून पाहा.