शटलवर पळस, गुंड्यावर काळा: घरी रंगवलेल्या दोऱ्याची टॅटिंग लेस

टॅटिंग म्हणजे शटलने दोऱ्यावर एकेक गाठ घालत हातानेच लेस करण्याची कला. तिला माग लागत नाही आणि मोठी जागाही लागत नाही. होडीच्या आकाराचे बोटभर लांब शटल, दोऱ्याचा एक गुंडा आणि जोडकामापुरती क्रोशाची बारीक सुई एवढे साहित्य असले की ओट्यावर बसून, शेजारणीशी बोलता बोलता हे काम होते. इटालियन भाषेत या कलेला ‘किआक्येरीनो’ म्हणतात आणि त्या शब्दात गप्पाटप्पांचाच अर्थ आहे. पांढऱ्या दोऱ्याची लेस बहुतेकींनी पाहिलेली असते. या लेखात दोरा घरी रंगवून त्याची लेस कशी करावी ते सांगितले आहे, कारण रंगवलेला दोरा हातात वेगळा वागतो आणि ते ध्यानात न घेता काम सुरू केले तर अर्ध्या वाटेत दोरा तुटतो.

दोरा २० नंबरचा, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चकचकीत केलेला) सुती घ्यावा. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक असतो, म्हणून ४० किंवा ८० नंबरकडे हात बसल्यावरच वळावे. मर्सराइज्ड दोरा रंग चांगला धरतो आणि त्याच्या गुळगुळीतपणामुळे गाठ सहज सरकते. (आपल्या शिवारातला कापूस गठाण होऊन बाहेर जातो आणि दोरा होऊन तालुक्याच्या दुकानात परत येतो, तो आपण विकत आणायचा.) सुरुवातीला ५० ग्रॅम दोरा पुरे. त्याच्या २५-२५ ग्रॅमच्या दोन लड्या कराव्यात. खुर्ची उलटी ठेवून तिच्या दोन पायांभोवती दोरा गुंडाळला की सरळ लडी मिळते. ती चार ठिकाणी सुती दोऱ्याने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन, सैल बांधावी. बांधणी घट्ट झाली तर त्या जागी रंग पोहोचत नाही आणि पांढरे कडे राहते. बांधणी विसरली तर मात्र त्याहून वाईट होते, कारण ओल्या दोऱ्याचा गुंता सोडवण्यात अख्खी दुपार जाते.

आता पाण्याविषयी. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात ज्यांचे घर आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको: तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. तसल्या पाण्यात रंगही नीट उतरत नाही. मी पहिल्यांदा पळसाचा रंग केला तेव्हा बोअरचेच पाणी वापरले आणि लडी शेवटी कपड्याच्या साबणाने धुतली. पिवळ्याधमक दोऱ्यावर विटकरी डाग उमटले ते पुन्हा गेले नाहीत. पळसाचा पिवळा रंग सोडा, चुना किंवा साबण लागताच नारिंगीकडे झुकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पत्र्यावरून धरलेले पावसाचे पाणी साठवलेले असेल तर रंगासाठी तेच वापरावे. नसेल तर पिण्याचे गोडे पाणी घ्यावे.

दोऱ्याला कारखान्यातली कांजी आणि मेण असते, ते आधी काढावे लागते. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा घालून लड्या तासभर मंद उकळाव्यात. पाणी पिवळसर होते, आणि पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या दोऱ्यातून एवढे काय निघाले म्हणून आश्चर्य वाटते. नंतर सोड्याचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत दोरा खळबळून धुवावा.

सुती दोरा तुरटी स्वतःहून नीट धरत नाही, म्हणून आधी हिरड्याचे पाणी द्यावे लागते. ५० ग्रॅम दोऱ्याला १० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून, गाळून, त्यात दोन्ही लड्या रात्रभर ठेवाव्यात. सकाळी दोरा फिकट बदामी झालेला दिसेल. तो न धुता फक्त पिळावा. इथून दोन लड्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिली लडी पळसाची. फाल्गुनात पळस फुलला की सकाळी झाडाखाली पडलेली फुले वेचून सावलीत वाळवावीत. देठाकडचा काळपट, मखमली भाग खुडून टाकावा आणि केवळ पाकळ्या ठेवाव्यात. २५ ग्रॅम दोऱ्याला ५० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या पुरतात. लडी आधी तुरटीच्या पाण्यात घालावी: पाच ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, वर अगदी चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून, पाणी कोमट झाल्यावर त्यात लडी दोन-तीन तास बुडवून ठेवावी आणि मग हलकी विसळावी. दरम्यान रात्रभर भिजवलेल्या पाकळ्या पाऊण तास मंद आचेवर शिजवाव्यात आणि पाणी दोनदा, दुसऱ्यांदा धोतराच्या जुन्या कापडातून, गाळावे. गाळण्यात आळस केला तर पाकळ्यांचा चुरा दोऱ्याच्या पिळात अडकतो आणि पुढे विणताना बोटाला खुपत राहतो. गाळलेल्या रंगात लडी घालून पुन्हा पाऊण तास मंद आचेवर ठेवावी, उकळी फुटू देऊ नये, आणि लडी त्याच पाण्यात थंड होऊ द्यावी. लोखंडी कढई या कामाला चालत नाही. तिच्यात पिवळा रंग मळकट होतो.

दुसरी लडी काळी. त्यासाठी पंधरा दिवस आधीच तयारी करावी लागते. गंजलेले खिळे किंवा नालांचे तुकडे, पाव किलो गूळ आणि दोन लिटर पाणी मातीच्या मडक्यात घालून, तोंडाला फडके बांधून, मडके घरापासून जरा लांब ठेवावे, कारण त्याला वास येतो. अधूनमधून ढवळावे. पंधरा दिवसांनी वरचे पाणी गाळून, त्यातले वाटीभर लिटरभर साध्या पाण्यात मिसळावे आणि हिरड्याची लडी त्यात सोडावी. बदामी दोरा डोळ्यांदेखत राखाडी होतो. दोन-तीन मिनिटांत बाहेर काढून वाऱ्यावर धरावा, मग पुन्हा बुडवावा. असे तीनदा केले की कोळशासारखा रंग येतो. अधिक काळा करण्याच्या मोहाने लडी तासभर बुडवून ठेवू नये. लोह सुताला कमजोर करते, आणि टॅटिंगमध्ये दोऱ्याला ओढ बसते.

दोन्ही लड्या पाणी नितळ निघेपर्यंत धुवाव्यात, रिठ्याच्या पाण्यातून काढाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. सुटा रंग दोऱ्यावर राहिला तर दोरा खरखरीत होतो आणि गाठ सरकत नाही.

वाळलेल्या काळ्या लडीचा गुंडा करावा आणि पळसाचा दोरा शटलवर भरावा. ही निवड केवळ शोभेसाठी नाही. टॅटिंगमध्ये रिंग, म्हणजे टाक्यांचे मिटवलेले कडे, शटलच्या दोऱ्याचीच होते, म्हणून रिंगवर शटलचा रंग दिसतो. चेनमध्ये, म्हणजे दोन रिंगांमधल्या टाक्यांच्या कमानीत, मात्र गुंड्याचा दोरा गाठी होऊन वर येतो आणि शटलचा दोरा आत लपतो. रिंग मिटवताना सगळी ओढ शटलच्या दोऱ्यावर येते, म्हणून तिथे पळसाचा मजबूत दोरा हवा. लोहाने थोडा हळवा झालेला काळा दोरा चेनमध्ये निवांत बसतो.

आता गाठ. दोन्ही दोऱ्यांची टोके एकत्र बांधून घ्यावीत. ती गाठ डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून, शटलचाच दोरा बाकीच्या बोटांवरून फिरवून पुन्हा चिमटीत आणावा. हा झाला बोटांवरचा फेर. उजव्या हातातले शटल या फेराच्या दोऱ्याखालून डावीकडे न्यावे आणि वरून परत आणावे. इथपर्यंत गाठ शटलच्या दोऱ्याची असते आणि ती तशीच घट्ट केली तर कायमची अडकते. म्हणून डावी बोटे सैल सोडावीत आणि शटलचा दोरा ताणून सरळ धरावा. वेढा उलटून फेराच्या दोऱ्यावर जातो. ती ‘टुक’ अशी उडी बोटांना कळते. मग मधले बोट उचलून वेढा चिमटीपर्यंत सरकवावा. हा अर्धा टाका झाला. दुसऱ्या अर्ध्यासाठी शटल वरून न्यावे, खालून आणावे आणि वेढा तसाच उलटवावा. दोन्ही अर्धे मिळून एक पूर्ण टाका होतो. प्रत्येक दोन-तीन टाक्यांनंतर शटलचा दोरा हलका ओढून पाहावा. टाके सरकले तर काम बरोबर आहे. न सरकल्यास शेवटचा टाका लगेच सुईने उकलावा. रिंग मिटल्यावर उकलायला गेले तर रंगवलेल्या दोऱ्याचा पीळ सुटतो.

हे काम शिकताना बोटांकडेही लक्ष द्यावे. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटांच्या पेरांची कातडी उसवलेली असते आणि दोऱ्याचे तंतू तिच्यात अडकतात. रात्री खोबरेल चोळून झोपावे आणि सकाळी हात स्वच्छ धुवून कामाला बसावे, नाहीतर तेलाचे डाग पडतात. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हात, तळवे घामेजतात, तेव्हा पहाटेच काय होईल तेवढे करावे.

नमुना सोपा घ्यावा. रिंगसाठी पाच टाके, पिकॉट, पाच टाके, पिकॉट, पाच टाके, पिकॉट, पाच टाके घालून शटलचा दोरा ओढून रिंग मिटवावी. पिकॉट म्हणजे दोन टाक्यांमध्ये सोडलेली दोऱ्याची लहान कमान. साडीला करतात तो पिको नव्हे. मग काम उलटे करून रिंग खाली येऊ द्यावी, काळा दोरा डाव्या बोटांवर घेऊन करंगळीला दोन वेढे द्यावेत आणि पाच टाके, पिकॉट, पाच टाक्यांची चेन विणावी. पुन्हा काम उलटे करून दुसऱ्या रिंगचे पाच टाके घालावेत आणि आधीच्या रिंगच्या शेवटच्या पिकॉटमधून क्रोशाच्या सुईने बोटांवरच्या दोऱ्याचा फास ओढून, त्यातून शटल पार करून ताण द्यावा. जोड झाला. पुढे पाच टाके, पिकॉट, पाच टाके, पिकॉट, पाच टाके घालून रिंग मिटवावी. पिकॉट एकसारखे हवे असतील तर पुठ्ठ्याची अर्धा सेंटीमीटर रुंद पट्टी कापून तिच्यावरून मापावे; नजरेच्या भरवशावर पहिल्या हातभर लेसमध्ये तरी राहू नये.

लेस संपली की टोके बारीक सुईने मागच्या टाक्यांत ओवून कापावीत. ती उशीच्या अभ्र्याला, देवघरातल्या रुमालाला किंवा ब्लाउजच्या बाहीला टाचावी. बाहीसाठी शटलवर आणि गुंड्यावर दोन्हीकडे फक्त हिरड्याचा बदामी दोरा घ्यावा, कारण पळसाचा पिवळा रोजच्या धुण्यात आणि उन्हात फिका होतो. लेसला इस्त्री उलट बाजूने, ओल्या फडक्यावरून करावी आणि पिकॉट बोटांनी एकेक ओढून उघडावेत.